वाघ दिसला म्हणजे आझाद हिंद नव्हे : बाहीवरच्या कापडी बिल्ल्यांची साक्ष आणि आपला खोटेपणा

१/ ऑगस्ट उजाडला की नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या समूहांवर पत्र्याच्या जुन्या ट्रंकांतून निघालेल्या वस्तूंची छायाचित्रे फिरू लागतात. एखादे पदक, पट्ट्याचे बक्कल, खाकी सदरा आणि त्याच्या बाहीवर शिवलेला कापडी बिल्ला. बिल्ल्यावर वाघ असला की खालची ओळ ठरलेली असते : ‘आझाद हिंद सेनेतील आमच्या आजोबांची आठवण.’ हा धागा त्या ओळीविरुद्ध आहे.

२/ माझे म्हणणे सरळ आहे. कापडाचा तो तुकडा हा पुरावा आहे. त्याला प्रश्न विचारले तर तो उत्तरे देतो. आपण प्रश्न विचारत नाही. आपल्याला हवे ते उत्तर त्याच्या तोंडी घालतो आणि हजारो लोक ते पुढे पाठवतात. त्यात एका खऱ्या माणसाचे खरे आयुष्य पुसले जाते. ते कसे, हे दाखवण्यासाठी आधी बिल्ला वाचायला शिकू या. वाद नंतर घालू.

३/ या चिन्हांना लष्करी भाषेत ‘फॉर्मेशन साइन’ म्हणतात. सुमारे ८०० जणांची पलटण, काही पलटणींची ब्रिगेड, काही ब्रिगेडींची डिव्हिजन अशी सैन्याची रचना असते. डिव्हिजन म्हणजे साधारण १५ हजार माणसे. आपली माणसे आणि आपली वाहने झटकन ओळखता यावीत, पण शत्रूला डिव्हिजनचा क्रमांक वाचता येऊ नये, म्हणून अंकाऐवजी चित्र. ब्रिटिश सैन्यात सप्टेंबर १९४० च्या आदेशाने गणवेशावर अशी चिन्हे लावण्यास मुभा मिळाली. हिंदी डिव्हिजनांचीही आपापली चिन्हे होती.

४/ काही ठळक चिन्हे लक्षात ठेवा. ४थी हिंदी डिव्हिजन : तांबडा गरुड. ५वी : काळ्यावर तांबडा गोळा, म्हणून ‘बॉल ऑफ फायर’. ७वी : सोनेरी बाण. १७वी : काळी मांजर. १९वी : खंजीर उगारलेला हात. २०वी : तलवार धरलेला हात. २३वी : झुंजीचा तांबडा कोंबडा. २५वी : इस्पिकचा एक्का. आणि २६वी : काळ्या पार्श्वभूमीवर निळा त्रिकोण, त्यातून बाहेर पाऊल टाकणारा वाघ. या वाघाकडे आपल्याला परत यायचे आहे.

५/ पहिली सर्रास चूक : ‘हा मराठा रेजिमेंटचा बिल्ला.’ कापडी बिल्ला रेजिमेंट सांगत नाही, डिव्हिजन सांगतो. रेजिमेंट कळते ती टोपीवरच्या धातूच्या बिल्ल्यावरून आणि खांद्यावरच्या अक्षरांवरून. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी वेगवेगळ्या डिव्हिजनांत विखुरलेल्या होत्या. आजोबा मराठा पलटणीत होते एवढ्यावरून बाहीवर काय होते ते ठरत नाही, आणि बाहीवरून पलटण ठरत नाही.

६/ तिसऱ्या पलटणीचेच उदाहरण घ्या. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर ती ५व्या डिव्हिजनमधून लढली. तीच पलटण १९४४ साली इटलीत १०व्या डिव्हिजनमध्ये होती. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच पलटणीत असताना. पहिल्या पलटणीचे नामदेव जाधव, ज्यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर तोच सन्मान मिळाला, ते ८व्या डिव्हिजनमध्ये होते. चौथी पलटण मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला लढली, ती २३व्या डिव्हिजनमधून तिथे गेलेली. रेजिमेंट एक, डिव्हिजना चार.

७/ आता वाघाकडे. आझाद हिंदच्या संदर्भात झेपावणारा वाघ खरोखर होता. जर्मनीत उभ्या राहिलेल्या हिंदी लीजनच्या बाहीवर ढालीच्या आकाराचे चिन्ह असे : केशरी, पांढरा, हिरवा असे पट्टे, त्यांवर झेप घेणारा वाघ आणि वर रोमन लिपीत जर्मन शब्द, ‘फ्रायेस इंडियन’, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान. तीन रंग, झेप, अक्षरे. हे तिन्ही नसताना केवळ पट्टेरी जनावर दिसले म्हणून ‘आझाद हिंद’ म्हणणे, म्हणजे पिवळे दिसले की सोने म्हणण्यासारखे आहे.

८/ २६व्या डिव्हिजनच्या बिल्ल्यावर तिरंगा नाही, अक्षरे नाहीत, ढाल नाही. वाघ झेपावत नाही. त्रिकोणातून चालत बाहेर येतो. ही डिव्हिजन आराकानच्या किनाऱ्यावर लढली, जानेवारी १९४५ मध्ये रामरी बेटावर उतरली, मे १९४५ मध्ये समुद्रमार्गे रंगूनला पोहोचली आणि युद्ध संपल्यावर सुमात्रात गेली. नंदुरबारच्या एखाद्या ट्रंकेतला वाघ हा हाच असेल, तर त्या घरात एवढ्या मोठ्या प्रवासाची खूण दडलेली आहे. ती आपण एका ओळीत खोडून टाकतो.

९/ आणि इतिहासाचा उपरोध पाहा. एप्रिल १९४५ च्या अखेरीस जपानी सैन्याने रंगून सोडले. नेताजी २४ एप्रिलला तिथून निघाले. शहरातील हिंदी वस्तीचे रक्षण व्हावे, लूटमार होऊ नये म्हणून मेजर जनरल लोगनाथन यांच्या हाताखाली आझाद हिंद सेनेचे काही हजार सैनिक मागे राहिले. मेच्या पहिल्या आठवड्यात शहरात आली ती २६वी हिंदी डिव्हिजन, आणि त्या सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. म्हणजे ज्या बिल्ल्याला आज आपण ‘आझाद हिंदचा’ म्हणून मिरवतो, तो बिल्ला ल्यालेल्या हिंदी सैनिकांपुढेच आझाद हिंदचे सैनिक रंगूनमध्ये युद्धकैदी झाले. दोन्हीकडे आपलीच माणसे होती. या प्रसंगाचा सारा ताण त्या एका चुकीच्या ओळीत नाहीसा होतो.

१०/ दुसरी सर्रास चूक काळाची. चिन्ह युद्धकालीन आहे म्हणून बिल्लाही युद्धकालीन, असे धरले जाते. परंतु यांतील बरीच चिन्हे १९४७ नंतर भारतीय सैन्यात चालू राहिली. रेड ईगल, बॉल ऑफ फायर, ब्लॅक कॅट, डॅगर, टायगर ही आजच्या डिव्हिजनांचीही नावे आहेत. २०व्या डिव्हिजनच्या तलवारीची आता ‘कृपाण’ झाली आहे. उलट ७व्या डिव्हिजनचा सोनेरी बाण फाळणीत पाकिस्तानकडे गेला.

११/ म्हणून काळ्या मांजरीचा बिल्ला हाती आला की लगेच इंफाळ आणि १९४४ म्हणू नका. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करणाऱ्या कारवाईत मेजर जनरल कँडेथ यांची १७वी डिव्हिजनच होती. मराठी घरातली काळी मांजर मांडवीकाठचीही असू शकते. तसेच त्रिकोणातला वाघ १९४५ चा असेल, किंवा त्यानंतर कित्येक वर्षांनी जम्मूत नोकरी केलेल्या जवानाचा असेल. चिन्ह फक्त डिव्हिजन सांगते. साल कापडाला विचारावे लागते.

१२/ काही चिन्हे मात्र स्वतःच काळाची कुंपणे घालतात. १४वी आर्मी १९४३ च्या उत्तरार्धात स्थापन झाली. तिची तलवारीची ढाल त्याआधीची असू शकत नाही. ११वी हिंदी डिव्हिजन १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरला शरण गेली आणि तिथेच संपली. १७व्या डिव्हिजनचे पहिले चिन्ह विजेची रेघ होते. १९४२ मधील ब्रह्मदेशातील माघारीनंतर ते बदलून मांजर आली. म्हणजे वीज असेल तर आधीची, मांजर असेल तर नंतरची. अशी दोन टोके मिळाली की तारीख आपोआप मधे येते.

१३/ आता कापड. पहिला नियम : बिल्ला उलटा करून पाहा. लोक पुढच्या बाजूचे छायाचित्र पाठवतात. बोलते ती मागची बाजू. उन्हाने पुढचा काळा रंग तपकिरी होतो, मागे मूळ रंग टिकतो. पुढून-मागून रंग तंतोतंत सारखाच विटलेला असेल तर तो चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केल्याची शंका घ्यावी. कडेला टाक्यांची भोके, खाकी दोऱ्याचे तुकडे, दुमडलेल्या कडांची घडी दिसते का ते पाहा. अंगावर वापरलेल्या बिल्ल्यावर या खुणा बहुधा सापडतात.

१४/ दुसरा नियम : घडण पाहा. बनात किंवा फेल्टवर कापून शिवलेली आकृती, सुती कापडावर हाताने वा यंत्राने केलेले भरतकाम, आणि कापडावर छापलेले चिन्ह, हे सगळे प्रकार युद्धकाळात आढळतात. छावणीच्या बाजारातल्या शिंप्यांनीही असे असंख्य बिल्ले शिवले. त्यामुळे वाघ मांजरासारखा दिसतो, त्रिकोण वाकडा आहे, एवढ्यावरून बिल्ला खोटा ठरत नाही. एकाच मापाचे, एकाच टाक्याचे, नवेकोरे वीस वाघ कुणी एकदम विकायला काढले, तर मात्र सावध व्हा.

१५/ तिसरा नियम : मागे काय जोडले आहे? उष्ण प्रदेशातला सुती गणवेश वरचेवर धुवावा लागे, म्हणून बिल्ला काढता यावा यासाठी मागे पट्टी, बंद किंवा चापाची बटणे लावलेली आढळतात. ही चांगली खूण आहे. याउलट मागे वेल्क्रो, इस्त्रीने चिकटणारा प्लास्टिकचा थर, किंवा नायलॉन-पॉलिएस्टरच्या चकचकीत दोऱ्याची गोफासारखी जाड कड दिसली, तर १९४५ विसरा.

१६/ चौथा नियम : निळ्या-जांभळ्या अतिनील दिव्याची परीक्षा, पण अक्कल वापरून. कापड पांढरेशुभ्र दिसावे म्हणून वापरली जाणारी उजळके युद्धानंतरच्या काळात दोऱ्यांत आणि धुण्याच्या पावडरीत सर्रास आली. ती या दिव्याखाली निळसर चमकतात. न चमकणारा बिल्ला जुना असू शकतो. पण चमकणारा बिल्ला नवाच असेल असे नाही : सर्फ भारतात आला १९५९ साली, आणि आजीने एखाद्या दिवाळीला तो सदरा धुऊन काढला असेल, तर अस्सल १९४४ चा वाघही चमकेल. ही परीक्षा संशय देते, निकाल देत नाही.

१७/ आणि दोरा जाळून पाहू नका. कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी होतो, हे खरे. पण त्यासाठी पुरावा जाळायचा? साध्या भिंगाने आणि दिवसाच्या तिरप्या उजेडात जे दिसते ते बहुतेक वेळा पुरेसे असते. वाघ-मांजरीसारखी चिन्हे अनेकदा जोडीने केलेली असत, उजव्या आणि डाव्या बाहीसाठी तोंडे विरुद्ध दिशांना. म्हणून ‘आमचा वाघ उलटा आहे’ ही काळजीची गोष्ट नाही. जोडीतला दुसरा ट्रंकेत शोधा.

१८/ पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा : बिल्ला अस्सल ठरला तरी तो आजोबांनीच ल्यायला होता हे सिद्ध होत नाही. युद्धानंतर लष्करी कपड्यांचे साठे विक्रीला निघाले. खाकी सदरे आणि कोट बाजारातूनही घरात येत. बिल्ला आणि माणूस यांची गाठ कागदांनी बांधावी लागते : सेवामुक्तीचा दाखला, पगारपुस्तक, पलटणीची पत्रे, पदकाच्या कडेवर कोरलेले नाव-क्रमांक असल्यास तो. सैनिकाचा क्रमांक हाती आला तर मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगावच्या आणि महार रेजिमेंटसाठी सागरच्या केंद्राकडे रीतसर विचारणा करता येते.

१९/ एवढे झाल्यावर पहिला आक्षेप येतोच : ‘कुटुंबाच्या भावना आहेत, तुम्ही कशाला नाक खुपसता?’ उत्तर असे की, भावना आजोबांविषयी असेल तर तिला आजोबाच हवेत. आराकानच्या चिखलात हिवतापाने फणफणलेला, सुमात्रापर्यंत जाऊन आलेला माणूस बाजूला सारून त्याच्या जागी आपल्याला शोभेल असा दुसरा माणूस उभा करणे, याला पितृप्रेम म्हणता येणार नाही. श्राद्ध ज्याचे, नाव त्याचेच घ्यावे लागते.

२०/ दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो आपल्या गावातूनच उठतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा घेऊन निघालेला शिरीषकुमार मेहता पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. वय अवघे पंधरा. त्याच्यासह पाच जणांचे प्राण गेले. ज्या गावाने हे पाहिले, त्या परिसरात ‘आमचे आजोबा त्याच वेळी सरकारच्या फौजेत होते’ असे म्हणायला जीभ अडखळते. मला ही अडचण खोटी वाटत नाही. बऱ्याच चुकीच्या ओळींच्या मुळाशी अज्ञान नसून ही लाज आहे, असे माझे मत आहे.

२१/ पण लाज हा पुरावा बदलण्याचा परवाना नव्हे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. सक्तीची भरती नव्हती. नियमित पगार, पोटभर अन्न, घरी जाणारी मनीऑर्डर, घराण्याची परंपरा, जातीने नाकारलेला मान मिळवण्याची आशा अशी अनेक कारणे होती. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, ती वर्षानुवर्षे बंद असलेला दरवाजा पुन्हा उघडावा या मागणीनंतर. त्या रांगेत उभ्या राहिलेल्या तरुणाला ‘गोऱ्यांचा भाडोत्री’ म्हणणारा त्याची भूक आणि त्याचा अपमान, दोन्ही विसरतो. सुमारे ८७ हजार हिंदी सैनिक त्या युद्धात मेले. त्यांना लपवायचे कुठे?

२२/ शिवाय ज्यांना त्या वाघाची लाज वाटते, त्यांनी हे पाहावे : तीच डिव्हिजन-नावे, तीच प्रतीके आज भारतीय जवान वागवतो. १९४५ च्या बाहीवर लाजिरवाणे आणि आजच्या बाहीवर अभिमानाचे, असे एकच चिन्ह कसे असेल? माणसे तीच होती, किंवा त्यांची मुले होती. वर झेंडा बदलला. हे संक्रमण गुंतागुंतीचे आहे, आणि म्हणूनच ते इतिहास आहे. शिरीषकुमार आणि तो सैनिक एकाच पश्चिम खानदेशाची लेकरे असू शकतात, एकाच वर्षात दोन वाटांनी गेलेली. दोघांनाही जागा देण्याइतके आपले मन मोठे हवे.

२३/ तिसरे म्हणजे, खोट्या ओळीने सर्वाधिक अन्याय होतो तो खऱ्या आझाद हिंद सैनिकांवर. मराठी माणसे त्या सेनेत होती; जगन्नाथराव भोसले तर तिच्या अग्रणी सेनानींपैकी होते. युद्धकैद, खटले, नंतरची उपेक्षा हे त्या सैनिकांनी भोगले. प्रत्येक वाघाला आझाद हिंद म्हटले, तर ज्या घरात खरोखर लीजनची ढाल किंवा रंगूनचे कागद असतील, त्या घरावर उद्या कोण विश्वास ठेवील? खोटी नाणी वाढली की खऱ्यावरही संशय येतो.

२४/ आणि बाजार तर टपलेलाच आहे. ‘आझाद हिंद’ हे दोन शब्द लावले की कापडाच्या तुकड्याची किंमत वाढते. लीजनच्या ढालीच्या नकला जगभर विकल्या जातात. मग सदऱ्यावरून बिल्ला उसवला जातो, सदरा टाकून दिला जातो, दाखला रद्दीत जातो. उसवलेला बिल्ला हा वाक्यातून तोडलेला शब्द आहे. तो परत जोडता येत नाही.

२५/ म्हणून विनंती, आणि थोडा आग्रह. उसवू नका. धुऊ नका. चिकटपट्टी लावू नका, काचेखाली गोंदाने चिकटवू नका. पुढून, मागून आणि मोजपट्टीसह छायाचित्र घ्या. कसर लागू नये म्हणून कोरड्या जागी स्वच्छ सुती कापडात ठेवा. वस्तू कोणत्या ट्रंकेतून, कोणाकडून, कोणत्या कागदांसोबत मिळाली ते त्याच दिवशी लिहून ठेवा. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारा, आणि विचारताना उत्तर सुचवू नका : ‘आजोबा नेताजींकडे होते ना?’ असे न विचारता ‘आजोबा कुठे कुठे गेले होते?’ असे विचारा.

२६/ छायाचित्राखाली काय लिहावे हेही सांगतो. ‘२६व्या डिव्हिजनच्या चिन्हाचा कापडी बिल्ला, सुती सदऱ्याच्या बाहीवर, घरातील ट्रंकेतून, वापरणारा अमुक असल्याचे कुटुंबात सांगतात, काळ निश्चित नाही.’ एवढेच. ही ओळ कमी वेळा पुढे पाठवली जाईल, हे मान्य. पण पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक तुमच्या ट्रंकेपर्यंत आला, तर त्याला उपयोगी पडेल ती हीच ओळ. ज्यांच्याकडे असे बिल्ले आहेत त्यांनी आज रात्रीच ते उलटे करून पाहावेत. आणि ज्यांनी चुकीची ओळ टाकली आहे, त्यांनी ती दुरुस्त करावी.